स्टाउट बिअर घालून केलेलं चॉकलेट ट्रफलचं सारण पातळ राहतं. बिअर आटवली तर कडू होतं. काय करावं?

तुमची बिअर बहुधा गरजेपेक्षा जास्त आटते आहे. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं. पाकासारखी दाट होईपर्यंत मी ढवळत बसायचो. पण स्टाउटमध्ये साखर फारशी नसते, त्यामुळे ती दाट दिसेपर्यंत पाणी जवळजवळ संपलेलं असतं आणि हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा मात्र सगळा खाली राहतो. तो वाफेबरोबर उडत नाही. म्हणून दाटपणाकडे बघू नका, मोजा: २०० मिली स्टाउट आटवून ४० मिली करायची, बस्स.

आधी ती पसरट भांड्यात ओतून तासभर ठेवा, म्हणजे फेस बसेल. नाहीतर उकळी येताच दुधासारखी उतू जाते. आच मंद ठेवा. गॅस बंद करताना दोन चमचे काकवी घाला. काकवीची खरपूस गोडी आणि स्टाउटमधल्या भाजलेल्या बार्लीची कॉफीसारखी चव इतकी छान जुळते की साखर घालावीशीच वाटत नाही.

आता २५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून घ्या. ५५ टक्के कोकोच्या आसपासचं घ्या. ७० टक्क्यांचं घेतलंत तर कडूवर कडू होईल. ७५ मिली क्रीम आणि आटवलेली स्टाउट एकत्र गरम करून त्यावर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधोमध छोटे छोटे गोल फिरवत ढवळा. कोमट झाल्यावर २५ ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ घाला. मीठ विसरू नका, कडवटपणा त्यानेच दबतो. शेवटी दोन चमचे न आटवलेली, फेस गेलेली स्टाउट घाला. आटवताना जो वास उडून जातो, तो यामुळे परत येतो. माझ्या मते याशिवाय ट्रफलला बिअरची ओळखच येत नाही.

तूप सुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून घोटा, सारण परत एकजीव होतं.

गिनीससारखी ड्राय स्टाउट उत्तम. आयपीए (इंडिया पेल एल) ही बिअर मात्र नको, तिच्यात हॉप्स फार.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग गोळे वळा. आटवली तरी बिअरमधलं अल्कोहोल पूर्ण जात नाही, शिवाय वरून कच्ची घातलेली असते. तेव्हा मुलांना देऊ नका आणि पाहुण्यांना आधी सांगा. आठवड्याच्या आत संपवा.