आधी कोटेशन दाखव

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठ माणसांचा धंदा, मोठ्या गिऱ्हाइकाचा फॉर्म, त्यात ‘सामाजिक जबाबदारीचं धोरण’ असा रकाना. झाडं लावू, शाळेला काही देऊ, की नफ्यातला ठरावीक हिस्सा बाजूला काढू, असं विचारतोयस. तिन्हींतलं काहीही कर, माझी हरकत नाही. पण मधेच एक ओळ ओझरती लिहून गेलायस: त्याच गिऱ्हाइकाला दर कमी हवाय म्हणून माणसांना ‘ओव्हरटाइमचं नंतर बघू’ म्हणालास. मी तिथंच अडकलो. तुझं धोरण त्या ओळीत लिहून झालंय.

जबाबदारी कोटेशनमध्ये धरायची. ओव्हरटाइम, हातमोजे-चष्मे, सांडपाण्याची विल्हेवाट, पुरवठादाराला वेळेवर पैसे देता येतील एवढं खेळतं भांडवल, सगळं दर काढतानाच. नफा झाल्यावर बघू म्हटलं की तो खर्च कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि तो खिसा तुझ्यापेक्षा फाटका असतो.

मला हे फार उशिरा कळलं. एका ऑर्डरसाठी मी दर इतका खाली आणला की जॉबवर्क करणाऱ्याचं बिल नव्वद दिवस थकलं. त्याच तिमाहीत मी एका शाळेला पाण्याची टाकी दिली आणि त्यांचं मानपत्र फ्रेम करून ऑफिसात लावलं. तो माणूस यायचा आणि नेमका त्या फ्रेमखालच्या खुर्चीत बसायचा. घड्या पडून पडून त्याच्या बिलावरचा आकडा पुसट झाला होता. एकदा त्यानं मान वर करून मानपत्र सगळं वाचलं, अगदी तारखेपर्यंत, आणि म्हणाला, “चांगलं काम केलंत.” टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी त्यानं मशीन विकलं. पैसे मी दिले, पण मशीन गेल्यावर.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचा १९७० चा तो गाजलेला लेख तू वाचला असशील. कंपनीचा अधिकारी समाजासाठी खर्च करतो तेव्हा दुसऱ्यांचे पैसे खर्च करतो, एकटा मालक मात्र स्वतःचेच करतो, असं त्यात आहे. आपल्यासारख्यांना ही सवलत फार आवडते. मलाही आवडायची. पण टाकीचे पैसे माझे होते कुठे? त्यांचा मालक समोर खुर्चीत बसला होता.

आणि हो, कुणी ‘आयएसओ २६०००’चं प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणाला, तर त्याला वाटेला लाव. सामाजिक जबाबदारीवर २०१० मध्ये आलेलं ते नुसतं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, त्याचं प्रमाणपत्र नसतंच. वाचून मात्र घे. त्यात सात विषय आहेत. कामगार, पर्यावरण, ग्राहक, व्यवहारातली सचोटी हे त्यांतलेच. तुझी झाडं आणि शाळा बहुतेक एक-दोन विषयांतच संपतील.

पुढं मी हे सगळं दरात धरायला लागलो आणि दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. भागीदारही वेगळा झाला. आज त्याचा धंदा माझ्या चौपट आहे. हट्टापायी मी खुजा राहिलो, असं तो म्हणतो. असेल. पण त्यानंतर माझ्याकडं पगार एक दिवस लांबला नाही, माणसं वीस-वीस वर्षं टिकली, नवा माणूस शिकवताना जो माल वाया जातो तो वाचला. हे त्याच्या ताळेबंदात कुठं मांडणार? स्वतःचीच वकिली करतोय, कळतंय मला. तरी कोटेशनमध्येच धर.

गिऱ्हाईक म्हणेल, एवढी एक ओळ काप. मग विचार, नेमकं कुणाचं कापू? त्याला उत्तर देता येणार नाही, पण तो ऑर्डर काढून घेऊ शकतो, हेही खरं. म्हणून आधी त्याच्याशी बोल: ऑर्डर लहान कर, ॲडव्हान्स माग, माल टप्प्याटप्प्यानं दे. ओव्हरटाइमचं ‘नंतर’ मात्र नको. तुझी आठ माणसं तुझ्या भिडेखातर गप्प आहेत, त्याला संमती समजू नकोस.

फॉर्म राहू दे दोन दिवस. ओव्हरटाइमची रक्कम काढ, चुकती कर, आणि सुधारलेलं कोटेशन मला पाठव. आकडे जरा नीट लिही, मागच्या वेळी तुझा एक आणि सात सारखाच दिसत होता.

तुझा,
काका