रोजची लोकल आणि महिन्यातून दोनदा गाव: एकच सॅक घ्यायची तर काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवली ते अंधेरी रोज लोकलने जाणं-येणं. सॅकमध्ये १५.६ इंची लॅपटॉप, डबा, बाटली, छत्री. महिन्यातून एक-दोनदा दोन दिवसांसाठी कोल्हापूर. तीन वर्षांत दोन सॅक गेल्या. एकीचा पट्टा खांद्यापाशी उसवला, दुसरीची चेन फाकते आणि आतला थर चिकट होऊन सुटतोय. आता साडेचार-पाच हजारांत '१६८० डी बॅलिस्टिक, वॉटरप्रूफ' असं लिहिलेली सॅक घ्यावी का?

तुमच्या दोन्ही सॅकचं बाहेरचं कापड अजून शाबूत आहे, हे आधी लक्षात घ्या. रोजच्या वापरातली सॅक कापड फाटून फार क्वचित जाते. ती जाते पट्ट्याच्या मुळाशी, चेनच्या रनरमध्ये (ओढून सरकवायचा तुकडा) आणि आतल्या कोटिंगमध्ये. जाहिरात मात्र कापडाच्या आकड्याची होते, कारण तो लेबलवर छापता येतो. पट्टा आत किती सेंटीमीटर गेलाय हे कोणी छापत नाही, म्हणून ते आपणच बघायचं.

आकड्याचा विषय आधी संपवू. 'डी' म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डी म्हणजे तेवढ्या लांबीचा धागा ६०० ग्रॅमचा. हा आकडा फक्त धाग्याची जाडी सांगतो. धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा, वीण किती घट्ट, आतून कोटिंग कसलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. खरं बॅलिस्टिक, म्हणजे जाड धाग्याचं घट्ट विणलेलं कापड, नायलॉनचं असतं. बाजारात १६८० डी म्हणून मिळणारं पुष्कळ कापड पॉलिस्टरचं असतं. ते वाईट असतं असं नाही, पण जड आणि खरबरीत असतं. पाठीकडच्या बाजूला किंवा पट्ट्याच्या कडेला ते असेल तर सुती शर्टाला खांद्यावर गोळे यायला लागतात. तुमच्या वापराला ४२० ते ५०० डी नायलॉन किंवा ६०० ते ९०० डी पॉलिस्टर पुरेसं आहे, मात्र तळाला दुहेरी कापड हवं. लोकलच्या फरशीवर आणि एसटीच्या डिकीत घासला जातो तो तळच. घासण्याला नायलॉन जास्त टिकतं, उन्हाला पॉलिस्टर. दिवसाचा बराच वेळ सॅक उन्हात राहणार नसेल तर या फरकाची चिंता करू नका.

आता पट्टा. तुमच्या रोजच्या सामानाचा हिशोब करा: लॅपटॉप सुमारे दोन किलो, चार्जर चारशे ग्रॅम, भरलेला स्टीलचा डबा किलोभर, लिटरची भरलेली स्टीलची बाटली सव्वा किलो, छत्री आणि किरकोळ मिळून आणखी किलोभर. म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, वर सॅकचं स्वतःचं किलोभर. हे सगळं वजन दोन पट्ट्यांच्या वरच्या टोकांवर लटकतं. उतरताना गर्दीतून एका पट्ट्याला धरून सॅक खेचली की तेवढ्या क्षणापुरता भार यापेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि तोही एकाच टोकावर.

स्वस्त सॅकमध्ये पट्ट्याचं टोक पाठीच्या वरच्या शिवणीत नुसतं खुपसून एक सरळ टीप मारलेली असते. शिवणीच्या आतली कापडाची कड जेमतेम पाच मिलिमीटर. झटका बसला की दोरा तुटत नाही, कापडाचे धागेच त्या कडेतून सरकून बाहेर येतात. तुमची पहिली सॅक बहुधा अशीच गेली असणार. उसवलेल्या जागी दोरा अजून पट्ट्याला लटकत असेल तर नक्कीच.

दुकानात सॅक उघडा, आत हात घालून वरची शिवण उलटी करून बघा. अस्तर शिवून बंद केलेलं असेल तर बोटांनी चाचपून अंदाज घ्या. कड निदान एक सेंटीमीटर हवी आणि तिच्यावर पायपिंगची, म्हणजे कड झाकणारी, पट्टी चढवलेली हवी. पट्ट्याचं टोक तीन-चार सेंटीमीटर आत गेलेलं हवं. त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण, किंवा दाट आडवी टीप हवी. ही दाट टीप आखूड आणि जाड दिसते, जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर असते तशीच. सगळ्यात चांगल्या सॅकमध्ये दोन्ही पट्टे आणि वरची उचलायची कडी एकाच आडव्या मजबूत पट्टीवर शिवलेली असतात, म्हणजे भार कापडावर न येता त्या पट्टीवर जातो. टाके जितके जवळ तितकी शिवण पक्की, असं मात्र नाही. जाड दोऱ्याने इंचाला सात ते नऊ टाके योग्य. पातळ कापडावर त्याहून फार दाट टाके घातले तर सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं.

खालचं टोकही बघा. पट्ट्याची अरुंद पट्टी बाजूच्या शिवणीत थेट घुसवलेली नको. मध्ये कापडाचा दुहेरी त्रिकोण असावा. मग वजन टाकून बघा. दुकानदाराकडे दुसऱ्या बॅगा असतातच, त्यातलं सामान किंवा तुमचाच लॅपटॉप आणि बाटल्या भरून सहा-सात किलो करा, दहा मिनिटं पाठीवर ठेवा आणि चार-पाच वेळा टाचांवर उड्या मारा. पट्टा खालच्या प्लास्टिकच्या पकडीतून दोन सेंटीमीटर जरी सरकला, तर ती सॅक तुम्हाला रोज संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये पट्टे ओढत बसायला लावेल. पट्टीचं विणकाम फार गुळगुळीत असेल किंवा पकडीचे दात बोथट असतील तर असं होतं, आणि वापराने ते वाढतच जातं.

पट्टा सहा-सात सेंटीमीटर रुंद असला की पुरे. आतला फोम अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडा. लगेच वर आला पाहिजे. हळूहळू वर येणारा मऊ फोम दुकानात सुखाचा वाटतो आणि वर्षभरात चपटा होतो. सहा किलोला कंबरपट्टा लागत नाही, तो गर्दीत अडकतो. छातीवरची क्लिप मात्र हवी, आणि काढून टाकता येणारी हवी, कारण लोकलमध्ये सॅक पुढे घेतली की ती मानेशी येते.

चेनकडे वळू. चेनचा नंबर म्हणजे बंद असताना दातांची ढोबळमानाने मिलिमीटरमधली रुंदी. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबर, पुढच्या खिशांना ५ नंबर. मुख्य कप्प्याला ५ नंबर असेल तर बाकी काहीही चांगलं असो, सोडून द्या. कॉइल प्रकारची, म्हणजे गुंडाळलेल्या नायलॉनच्या तारेची चेन वळणावर चांगली चालते आणि एखादा दात सरकला तरी रनर मागेपुढे केल्यावर पुन्हा जुळते. मोठ्या प्लास्टिक दातांच्या चेनचा एक दात तुटला की ती गेली. वायकेके या नावाजलेल्या चेन कंपनीचं नाव रनरवर कोरलेलं असणं चांगलं, पण नक्कलही पुष्कळ आहे. काही कंपन्या मुख्य चेन वायकेकेची घालतात आणि खिशांना स्थानिक, म्हणून प्रत्येक रनर उलटा करून बघा. खरी परीक्षा कोपऱ्यावर: सॅक अर्धी भरून एका हाताने, दुसऱ्या हाताने न धरता, चेन पूर्ण वळणावरून ओढा. कोपऱ्यावर अडखळत असेल तर वळण फार तीव्र आहे किंवा चेन ताणून शिवली आहे, आणि रनर तिथेच झिजणार.

चेन फाकते याचा अर्थ दात गेले असा नसतो. बहुतेक वेळा रनरचे दोन्ही जबडे झिजून रुंद झालेले असतात, त्यामुळे तो दात पुरेसे दाबत नाही. धूळ आणि घामाचं मीठ हे काम लवकर उरकतात. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने चेन घासा, पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्याला धूळ चिकटते आणि तीच कानसाचं काम करते. फाकायला लागलेली चेन पकडीने रनरच्या दोन्ही मागच्या कडा अगदी हलक्या दाबून काही महिने चालते. जोर लावू नका, रनर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, फार वाकत नाही, तुटतो. कायमचा उपाय नवीन रनर: त्याच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचा आणि त्याच प्रकारच्या चेनचा घ्यायचा.

चिकट अस्तराबद्दल. ते अस्तर नव्हे, कापडाच्या आतल्या बाजूचं पॉलियुरेथेनचं कोटिंग. पाणी अडवतं ते हेच. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तुटते, थर आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. मुंबईत आणि कोकणात हे लवकर होतं, आणि ओली सॅक माळ्यावर किंवा बंद कपाटात कोंबली तर फार लवकर. त्याला दुरुस्ती नाही. म्हणून मोठ्या सवलतीत मिळणारी दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली सॅक घेताना आत नाक घालून वास घ्या. आंबूस वास आला किंवा आतली बाजू बोटाला किंचित धरली, तर कोटिंग विकत घेण्याआधीच सुटायला लागलंय.

'वॉटरप्रूफ' शब्दावर पैसे देऊ नका. कापड पाणी अडवेल, पण शिवणीची हजारो भोकं आणि साधी चेन अडवणार नाही. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली नसेल तर जुलैच्या पावसात वीस मिनिटांत पाणी आत येणारच. रेन कव्हर पाठीची बाजू झाकत नाही. छत्रीवरून मानेवर आणि मानेवरून पाठीवर ओघळणारं पाणी सॅक आणि पाठ यांच्यामधून कव्हरच्या तळात साठतं आणि लॅपटॉप नेमका त्याच बाजूला असतो. कव्हरला तळाशी पाणी जायला भोक आहे का बघा. लॅपटॉपसाठी वेगळी ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारी पिशवी, ठेवा, तोंड तीन वेळा गुंडाळून क्लिप लावायची. पाचशे रुपयांच्या आत हे काम होतं आणि कुठल्याही सॅकपेक्षा खात्रीने होतं.

लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ शोधा. तो सॅकच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर संपला पाहिजे. तसा नसेल तर सॅक खाली ठेवताना प्रत्येक वेळी लॅपटॉपचा कोपरा फरशीवर आपटतो, फोम कितीही जाड असो. १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंटीमीटर लांब असतो. स्वतःचा घेऊन जा आणि घालून बघा. डब्याचा कप्पा वेगळा, शक्यतो फिकट अस्तराचा आणि ओल्या फडक्याने पुसता येणारा असावा. तेल सांडलं तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने काढा.

किती लिटर? लेबलवर विसंबू नका, टेप लावा. उंची, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. ४८ × ३० × १८ म्हणजे जवळपास २६ लिटर. ऑफिस आणि दोन दिवसांचं गाव, दोन्हीला २५ ते २८ लिटर योग्य. त्याहून मोठी घेतली तर गर्दीत पुढे धरता येत नाही. बाजूला आवळायचे पट्टे हवेत, म्हणजे रोज ती १३-१४ सेंटीमीटर जाडीत बसते आणि प्रवासात फुगवल्यावर चेनवरचा ताणही हे पट्टे घेतात. हा आकार देशांतर्गत विमानाच्या हातातल्या सामानातही बसतो. इंडिगोची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आणि ७ किलो आहे, अडचण आकाराची नव्हे, वजनाची येते. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या सामानात टाकायची नाही, ती हातातल्या सॅकमध्येच.

धुताना वॉशिंग मशीन नको, ढवळण्याने कोटिंग सुटतं. बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगून वाळवा. पावसाळ्यात रोज घरी आल्यावर रिकामी करून पंख्याखाली ठेवली तरी कोटिंगचं आयुष्य वाढतं. वॉरंटी कार्डावर वर्षं वाचण्याआधी चेन आणि क्लिप त्यात धरल्या आहेत का ते वाचा, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.

तेव्हा १६८० डीची ती सॅक घ्यायचीच असेल तर वरची शिवण, रनरचा नंबर आणि पट्ट्याची पकड बघून घ्या. या तिन्हीत ती उतरली तर जरूर घ्या, थोडी जड वाटेल एवढंच. यात नापास झाली तर याच पैशांत साध्या ६०० डीची, नीट शिवलेली सॅक मिळेल आणि ती जास्त चालेल.

आणि पहिली सॅक अजून टाकून दिली नसेल तर टाकू नका. बॅग दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण जुन्याच रेषेवर टीप मारू देऊ नका, तिथलं कापड भोकांनी कमजोर झालंय. आतून २५ मिलिमीटर रुंद नायलॉन पट्टीचा आडवा तुकडा दोन्ही पट्ट्यांच्या मागून घालायला सांगा, पट्ट्याचं टोक जुन्या शिवणीपेक्षा एक सेंटीमीटर खाली घेऊन चौकोन-फुलीची शिवण जाड नायलॉन दोऱ्याने घालायला सांगा. कापडाचे सुटलेले धागे त्याआधी मेणबत्तीच्या आचेजवळ धरून वितळवून घ्यायचे, नाहीतर तीच कड पुन्हा उसवत जाते.