एकाच रिपॉझिटरीचे चार क्लोन झालेत? पुसण्याआधी एवढं बघ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या बिलिंग सॉफ्टवेअरचे गिटमधले (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) चार क्लोन लॅपटॉपवर झालेत, डिस्क भरलीय, कुठल्या फोल्डरात काय ताजं आहे कळेना, म्हणून तीन उडवू का विचारलंयस. उडव की, पण आज नको.

क्लोन म्हणजे नुसत्या फायलींची नक्कल नव्हे, रिपॉझिटरीची, म्हणजे कोड आणि त्याच्या सगळ्या इतिहासाची, स्वतंत्र प्रत. प्रत्येकाच्या ब्रँचेस (कामाच्या वेगळ्या शाखा) वेगळ्या, स्टॅश (बाजूला ठेवलेलं अर्धवट काम) वेगळा, आणि स्टॅश साध्या पुशबरोबर, म्हणजे काम वर पाठवताना, सर्व्हरवर जात नाही. तेव्हा प्रत्येक फोल्डरात जाऊन आधी 'गिट स्टॅश लिस्ट' बघ. मग फेच करून (सर्व्हरवरचं नवं उतरवून) 'गिट लॉग --ब्रँचेस --नॉट --रिमोट्स' चालव, सर्व्हरवर न गेलेले कमिट (नोंदवलेले बदल) तेवढे दिसतील. शेवटी 'गिट स्टेटस --इग्नोअर्ड'. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल बहुधा गिटइग्नोअरमध्ये (गिटनं दुर्लक्ष करायच्या फायलींच्या यादीत) असते, साधं स्टेटस ती दाखवतच नाही. फोल्डर पुसल्यावर हळहळायची वेळ येते ती बहुतेक अशाच फायलीपायी.

कमिट शिल्लक निघाले तरी नेटची वाट बघत बसू नकोस. गिटला दुसरा फोल्डरही रिमोटच, म्हणजे सर्व्हरसारखी दुसरी प्रत. जो क्लोन ठेवणार, तिथून 'गिट फेच ../जुना बिलफिक्स:जुना-बिलफिक्स' दिलंस की 'जुना' फोल्डरातली 'बिलफिक्स' ब्रँच इकडं आली.

आता मूळ दुखणं. प्रत्येक कामाला वेगळा फोल्डर हवा हे तुझं बरोबरच आहे. अर्धवट काम स्टॅशमध्ये कोंबून सारखं ब्रँच बदलणं मलाही आवडत नाही. पण त्याला क्लोन कशाला? जुलै 2015 मधल्या गिट 2.5 पासून वर्कट्री आहे, म्हणजे एकाच रिपॉझिटरीला जोडलेले अनेक कामाचे फोल्डर. 'गिट वर्कट्री ॲड -बी हॉटफिक्स ../हॉटफिक्स मेन' म्हटलं की 'मेन' या मुख्य ब्रँचवरून शेजारी नवा फोल्डर तयार, इतिहास मात्र एकच. फेच एकदाच करायचं. एकच ब्रँच दोन वर्कट्रीत उघडायला गेलास तर गिट अडवतं, म्हणजे तुझा 'ताजं कुठलं' हा घोळच मिटला. फक्त इग्नोअर केलेल्या फायली नव्या फोल्डरात येत नाहीत, त्या हातानं टाकाव्या लागतात. काम संपलं की 'गिट वर्कट्री रिमूव्ह'. आधीच फोल्डर हातानं पुसला असशील तर त्याची उरलेली नोंद काढायला 'गिट वर्कट्री प्रून'.

तुझ्या घरी खानापूरकडं पावसात लाइट आणि नेट दोन्ही जातं, आणि मध्येच तुटलेला क्लोन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळं दुसऱ्या मशीनवर नवीन क्लोन लागलाच तर ऑफिसात 'गिट बंडल क्रिएट बिलिंग.बंडल --ऑल' करून ती एक फाइल पेनड्राइव्हवर घरी ने. तिच्यावरूनच क्लोन करता येतो. नंतर 'गिट रिमोट सेट-यूआरएल' नं ओरिजिनला (क्लोन जिथून घेतला त्या मूळ रिमोटच्या नावाला) सर्व्हरचा पत्ता द्यायचा, मग घरच्या नेटवर फक्त वरचे नवे कमिट उतरतात.

तुझी एक गोष्ट मात्र पटली नाही. बिल कन्नडमध्ये हवं असलेल्या गिऱ्हाइकाला एक ब्रँच, मराठीत हवं त्याला दुसरी, आणि दोन्ही कायमच्या! जीएसटीची एक दुरुस्ती दोनदा चेरी-पिक करत (तेवढाच कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावत) बसायची, आणि एकीकडं राहिली की बिलं जुळणार नाहीत. ब्रँच कामापुरती काढायची, मेनमध्ये घ्यायची, मोडायची. भाषेचा मजकूर वेगळ्या फायलींत काढ आणि कुठली वापरायची ते सेटिंगवर ठेव. त्या दोन ब्रँचेस मेनमध्ये आणताना कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोन वेगळे बदल) येणारच. कुठल्या फायलींत येतात ते इथं टाक, मग पुढचं बघू.