चुनखडीचे उपयोग काय आणि उरलेला चुना शेतात टाकला तर चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, चुनखडी कुठे कुठे वापरतात आणि बांधकामातून उरलेला चुना शेतात टाकून दिला तर चालेल का. दुसऱ्याचं आधी सांगतो: मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) माहीत नसेल तर टाकू नका.

चुनखडी लागते ती आम्लधर्मी जमिनीला. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं, मुळं आखूड आणि जाड राहतात, मग वरून कितीही खत द्या पीक काही उचल खात नाही. अशा ठिकाणी चुनखडीची बारीक भुकटी खरंच फरक पाडते, पण पेरणीच्या दोनतीन महिने आधी मातीत मिसळायची, ती हळूहळू काम करते, आणि भुकटीच हवी, खडे टाकले तर वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. जमिनीत आधीच चुनखडी असेल तर मात्र अजून टाकणं म्हणजे पैसे देऊन नुकसान, लोह जस्त स्फुरद सगळं अडकून बसतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीलाही चुनखडी नाही, जिप्सम लागतं, बरेच जण इथे गल्लत करतात.

आता बांधकामाचा चुना. चुनखडी साधारण ९०० अंशाला भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, १०० किलो शुद्ध दगडातून ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की फसफसून गरम होतो आणि विरतो. हाच विरलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे आपण ज्याला गिलावा वाळला म्हणतो तो खरं तर हळूहळू दगड होत असतो (मला ही भानगड फार आवडते). म्हणूनच चुन्याच्या कामात घाई चालत नाही, एकदम जाड थर दिला तर आतून कच्चा राहतो. आणि जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारू नका प्लीज, ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. सिमेंटसुद्धा चुनखडीचंच बरं का, चिकणमातीबरोबर १४५० अंशांच्या आसपास भाजून क्लिंकर (सिमेंटचे कडक गोळे) बनतं, पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं.

बाकी काच, कागद, टूथपेस्ट, अ‍ॅसिडिटीची गोळी, कोंबड्यांचं खाद्य, सगळीकडे हीच बाई आहे. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला चुना आणि लोखंडाच्या झोतभट्टीत खनिजातली घाण (स्लॅग) वेगळी काढायला चुनखडी.

शेतात विरलेल्या चुन्याचा माझ्या मते सगळ्यात कामाचा उपयोग म्हणजे बोर्डो मिश्रण, पिकावरच्या बुरशीसाठीचं फवारणीचं औषध. १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचे, लोखंडी बादली अजिबात नको, मग चुन्याचं दुधाळ पाणी गाळून घ्यायचं आणि मोरचुदाचं पाणी हळूहळू त्यात ओतत ढवळत राहायचं. तयार झालं की घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याचं पाणी घाला, नाहीतर पानं करपतील. आणि त्याच दिवशी फवारून संपवा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

कळीचा चुना विरवताना मात्र गॉगल घाला आणि भांड्यावर वाकून बघू नका, उकळून अंगावर उडतो. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, भरपूर साध्या पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टरकडे जायचं.