आरटीईत नंबर लागला, पण आठवीनंतर काय?

‘नंबर लागलाय. पण घ्यावा का नको, तेच कळंना झालंय.’ आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळांत मिळणाऱ्या मोफत जागांची, सोडत निघाली की आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच आईवडिलांचं पहिलं वाक्य असंच काहीतरी असतं. नंबर लागला नाही तर माणूस चार दिवस हळहळतो आणि दुसऱ्या शाळेच्या मागे लागतो. नंबर लागला की मात्र निर्णय स्वतः घ्यावा लागतो, तोही दोन-तीन आठवड्यांच्या मुदतीत.

ओळख राहू नये म्हणून दोन-तीन कुटुंबांचे तपशील इथे एकत्र केले आहेत. चिंचवडजवळ भाड्याने राहणारं जोडपं, मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात. वडील टेम्पो चालवतात, आई घरी पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. दोघांची मिळून महिन्याची कमाई बावीस-चोवीस हजार. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. मुलीला सीबीएसईच्या खासगी शाळेत पहिलीची जागा मिळाली होती. शाळा घरापासून पावणेतीन किलोमीटरवर, इतर मुलांना फी वर्षाला ६८ हजार. घरापासून पायी सात मिनिटांवर एक अनुदानित मराठी शाळा होती, सेमी इंग्रजीचे वर्ग असलेली. आजोबा गावाहून फोनवर सांगत होते, ‘दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नका.’ शेजारीण सांगत होती, ‘आठवी झाली की फी मागतील, तेव्हा पोरीला काढून आणाल आणि ती रडंल.’

शेजारणीचं म्हणणं कडू असलं तरी चुकीचं नव्हतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातल्या कलम १२(१)(क) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं. प्राथमिक म्हणजे आठवीपर्यंत. नववीच्या पहिल्या दिवसापासून हेच मूल त्याच बाकावर पूर्ण फी भरणारं होतं. प्रवेश घेताना हे शाळा सहसा बोलत नाही आणि पालकही विचारत नाहीत. नववीच्या जूनमध्ये फीची पावती हातात पडते तेव्हा घरात भांडणं होतात.

वडिलांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. ‘सरकार पैसे देतं ना? मग ते आमच्या खात्यावर टाकलं तर आम्ही आमच्या पसंतीची शाळा बघू.’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत आरिझोनासारख्या राज्यात २०११ पासून पालकांच्या नावे शिक्षणखातं उघडून त्यात सरकारी पैसे टाकण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तसं नाही. इथे मुलाला जागा मिळते आणि प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई, थेट शाळेला जाते. सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांतली जी रक्कम कमी, तेवढीच. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत ही कमाल रक्कम वर्षाला १७,६७० रुपये धरली गेली. कोविडच्या काळात ती ८ हजारांवर आणली होती. ६८ हजार फीच्या शाळेला १७ हजार मिळणार, तेही वेळेवर नाही. शाळांची थकबाकी वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. काही शाळा आरटीईच्या पालकांशी तुटक का वागतात, त्याचं एक कारण इथे आहे. पण ते भांडण शाळा आणि सरकार यांचं. ‘सरकारने पैसे दिले नाहीत, तुम्ही भरा’ असं शाळा पालकाला म्हणू शकत नाही.

जागा शाळेला बांधलेली असते, याचा आणखी एक अर्थ आहे आणि भाडेकरू कुटुंबांसाठी तो फीपेक्षाही महत्त्वाचा. मुलाला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, पण तो सरकारी आणि अनुदानित शाळांत जाण्यासाठी. एका खासगी विनाअनुदानित शाळेतली मोफत जागा दुसऱ्या खासगी शाळेत नेता येत नाही. शिवाय आरटीईतून एकदा प्रवेश घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही. घरमालकाने खोली खाली करायला लावली आणि कुटुंब आठ किलोमीटर लांब गेलं, तर एक तर रोज व्हॅनचा खर्च सोसायचा, नाही तर जागा सोडायची. म्हणून या जोडप्याला आमचा पहिला प्रश्न शाळेचा नव्हता, खोलीचा होता: या भागात किती वर्षं राहणार? वडिलांची टेम्पोची भाडी भोसरी-चाकण पट्ट्यातली, आईची गिऱ्हाइकं गल्लीतली. पाच-सात वर्षं तरी हलण्याचं कारण नव्हतं. ते नसतं तर आमचा सल्ला वेगळा असता.

मग वही काढून हिशेब मांडला. फी शून्य, पण पुस्तकं-वह्यांचा शाळेचा संच साडेसहा हजारांचा, गणवेश, खेळाचा पोशाख आणि बूट मिळून पाच हजार, व्हॅन महिन्याला पंधराशे म्हणजे दहा महिन्यांचे पंधरा हजार. स्नेहसंमेलनाचे कपडे, सहल, प्रकल्पाचं सामान यांचे अडीच-तीन हजार. वर्षाला जवळजवळ तीस हजार. ‘मोफत’ शाळेचा हा आकडा बघून आई गप्पच झाली.

यातला काही भाग कमी होऊ शकतो. ज्यामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण अडेल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही, असं कायद्याचं कलम ३(२) सांगतं. त्यामुळे प्रवेश शुल्क, अनामत, ‘डेव्हलपमेंट’, संगणक, परीक्षा अशा नावांनी मागितलेले पैसे भरायचे नाहीत. मागणी लेखी द्या म्हणायचं. बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते. लेखी दिलीच, तर तिच्या प्रतीसह गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. पुस्तकं आणि गणवेशावरून मात्र रोजच वाद होतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीला पुस्तकाविना बसवून तो वाद लढवू नये. वरच्या वर्गातल्या आरटीईच्या पालकांकडून जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतात. व्हॅनचा खर्च तर पालकाचाच. या घरात वडिलांचा टेम्पो सकाळी साडेसहाला त्याच रस्त्याने निघायचा, त्यामुळे एक फेरी वाचली. तीस हजार अठरा-वीस हजारांवर आले.

नववी-दहावीचा हिशेब वेगळा मांडला. आजची ६८ हजार फी दरवर्षी सात टक्क्यांनी वाढते असं धरलं, तर आठ वर्षांनी नववीची फी सुमारे १ लाख १७ हजार आणि दहावीची सव्वा लाखाच्या आसपास होते. दोन्ही मिळून २ लाख ४२ हजार. पहिलीपासून दरमहा १,९०० रुपये ६.७ टक्के व्याजाने बाजूला पडत गेले तर तेवढी रक्कम उभी राहते. एवढं झेपत नव्हतं. एक हजार झेपत होते. त्यातून आठ वर्षांत सव्वा लाख होतात, म्हणजे नववी निघते आणि दहावी उघडी राहते.

वडिलांनी दोन पर्याय सांगितले. एक, गल्लीतली भिशी. भिशी शिलाई मशीन घ्यायला ठीक, आठ वर्षांच्या ठेवीला नाही. चालवणारा बदलतो, माणसं फुटतात. दुसरा, मुलीच्या नावचं सुकन्या समृद्धी खातं. खातं चांगलं, पण या कामाला ते उपयोगी नाही. शिक्षणासाठी त्यातून पैसे काढता येतात ते मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर. पैसे लागणार नववीत आणि कुलूप उघडणार दहावीनंतर! सुकन्या ठेवायचीच असेल तर वर्षाला २५० रुपये भरून जिवंत ठेवावी आणि शाळेचे हजार पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाकावेत. मुदत संपली की ती रक्कम ठेवीत आणि नवं आवर्ती खातं सुरू.

‘आठवीत ती एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा देईल की, वर्षाला बारा हजार मिळतात,’ आई म्हणाली. शाळेतल्या कुणीतरी सांगितलं होतं. ही समजूत फार पसरली आहे. ती शिष्यवृत्ती नववी ते बारावीसाठी वर्षाला १२ हजार रुपयांची आहे खरी, पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. खासगी विनाअनुदानित शाळेतलं मूल आरटीईतून गेलेलं असलं तरी त्यात बसत नाही. सात मिनिटांवरच्या मराठी शाळेत ती असती तर बसली असती. त्या शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आणि आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकंही सरकारची. अनुदानित शाळेच्या बाजूने वजन टाकणाऱ्या या गोष्टी लोक मोजतच नाहीत. ‘ती काय, आहेच’ म्हणतात. आमचं मत स्पष्ट आहे: जवळची अनुदानित शाळा चांगली चालत असेल, पहिली-दुसरीत वर्गशिक्षिका टिकत असेल आणि पोरं वाचत असतील, तर आरटीईची जागा नाकारणं हा वेडेपणा नाही. फक्त ती शाळा डोळ्यांनी पाहा. भर दुपारी तिसरीच्या वर्गाबाहेर उभं राहून एका मुलाला धडा वाचायला सांगा. हे दोघं तसं बघून आले. शाळा बरी होती, पण दोन वर्गांना मिळून एक बाई. पारडं इंग्रजी शाळेकडे झुकलं ते तिथे.

मग आठवीनंतरचा जिना आजच शोधून ठेवला. फी परवडली तर तिथेच नववी. नाही परवडली तर नववीत राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेतला सेमी इंग्रजी वर्ग, जिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच असतं. तसा बदल करणाऱ्या मुलाला गणिताचा त्रास फारसा होत नाही, मराठीचा होतो. २०२० च्या कायद्यामुळे मराठी विषय सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे, पण सीबीएसईच्या मराठीत आणि राज्य मंडळाच्या पहिल्या भाषेच्या मराठीत फरक पडतो. म्हणून घरी मराठी वाचन सोडायचं नाही. बालभारतीची त्या त्या इयत्तेची मराठीची पुस्तकं स्वस्तात मिळतात, रात्री दहा मिनिटं पुरतात. शाळा बदलायची वेळ आलीच तर हे मुलीला सातवीतच सांगून ठेवावं. ती रडते ती ऐनवेळी कळतं म्हणून.

मूल तिथे रमेल का, हा प्रश्न दोघांनी सगळ्यात शेवटी काढला आणि हळू आवाजात. सहा वर्षांची पोर महिनाभरात मैत्रीण शोधते. अवघडतात ते आईवडील. पालकसभेत इंग्रजी, वर्गाच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या भेटवस्तूंची चर्चा. पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: डायरीतली सूचना मराठीत कळवाल का, आणि कोणते खर्च ऐच्छिक आहेत. बहुतेक शिक्षिका मदत करतात. आरटीईच्या मुलांना वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या वेळेला बसवणं नियमात बसत नाही. तसं दिसलं तर वर सांगितलेला आवक क्रमांकाचा मार्ग आहे.

राहिली पडताळणी. बऱ्याच जागा इथे जातात. निवड झाल्यावर आधी शाळेत धावायचं नाही. पोर्टलवरून निवडीचं पत्र आणि हमीपत्र काढून, मूळ कागद आणि छायाप्रती घेऊन पडताळणी समितीकडे जायचं. एसएमएसची वाट बघू नका, अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः पाहा. या कुटुंबाच्या आधारवर गावचा पत्ता होता. त्यामुळे राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, तोही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अर्जाच्या आधीच्या तारखेचा आणि निदान अकरा महिन्यांचा. नोटरीचा करार चालत नाही. त्यांचा नोंदवलेला होता, नशीब. वंचित गटातून अर्ज असल्याने उत्पन्नाचा दाखला लागला नाही, वडिलांचा जातीचा दाखला लागला. तो महाराष्ट्रातलाच हवा. दुर्बल घटकातून अर्ज असता तर वार्षिक एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागला असता. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण जिथे ठेवली, ती जागा आणि करारातला पत्ता जुळतो का, हेही समिती बघते. सायबर कॅफेवाल्याने शाळा जवळ दिसावी म्हणून खूण पुढे सरकवलेली आढळली की प्रवेश रद्द होतो आणि तो कॅफेवाला तेव्हा ओळख दाखवत नाही. एकाच मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद.

२०२५-२६ साठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज तीन लाखांहून जास्त. नियमही हलते राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट देणारी अधिसूचना निघाली होती; १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये, त्या वर्षीची सूचना पूर्ण वाचावी.

त्यांनी जागा घेतली. उठताना आईने विचारलं, ‘धाकट्याचा नंबर ताईच्या शाळेत आपोआप लागंल ना?’ नाही लागत. त्याचा अर्ज वेगळा, सोडत वेगळी. त्याच्या पहिलीच्या वेळी अर्ज सुरू होतील त्या दिवशी भाडेकरार चालू हवा. अर्ज जानेवारीतही सुरू होतात, आणि त्यांचा करार डिसेंबरात संपतो. घरमालकाला नोव्हेंबरातच आठवण करायची, असं वडिलांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं.