सोनसाखळीपासून अपिलापर्यंत

प्रश्न: मी मराठी माध्यमात शिकलो. सध्या सदाशिव पेठेत खोली घेऊन आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय. निबंधात गुन्हेगारी, तुरुंग, शिक्षा असला विषय आला की माझी गाडी ‘क्राइम’, ‘थीफ’ आणि ‘पोलीस’ या तीन शब्दांपुढे जात नाही. क्लासमधून शब्दांची लांबलचक यादी मिळाली आहे. रोज पाठ करतो, पण लिहायला बसलं की एकही शब्द आठवत नाही. काय करू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: ती यादी आधी कपाटात टाका. असल्या यादीत ‘अक्विट’च्या शेजारी ‘आर्सन’ येतो, कारण दोघांचं पहिलं अक्षर एक. जाळपोळ आणि निर्दोष सुटका यांचं दुसरं काही नातं नाही, मग डोक्यात ते जोडीनं राहणार कसे? मी शिवाजीनगरच्या कोर्टात बरीच वर्षं फौजदारी कामं चालवली आणि आता संध्याकाळी मुलांचं इंग्रजी घेते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी यादी देत नाही, एक खटला देते.

समजा, कर्वे रस्त्यावर सकाळी फिरायला निघालेल्या बाईंचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी हिसकावलं. ही बातमी मराठीत तुम्हाला तोंडपाठ आहे: फिर्याद, गुन्हा दाखल, सीसीटीव्ही, अटक, मुद्देमाल जप्त, कोठडी, जामीन, दोषारोपपत्र, साक्षीपुरावा, निकाल, अपील. हाच क्रम इंग्रजीत चालायचा. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे शब्द आपोआप हाताशी येतो.

पहिली पायरी, खुद्द गुन्हा. आपण गुन्हा ‘करतो’, म्हणून मुलं ‘डू अ क्राइम’ लिहितात. तिथे ‘कमिट’ हवं. मग ‘स्टील’ आणि ‘रॉब’ची गल्लत. ‘दे रॉब्ड अ चेन’ हे वाक्य मी वह्यांमध्ये इतक्यांदा खोडलंय की लाल पेन संपतं. खरं तर मराठीला हा फरक कळतो. मंगळसूत्र चोरलं, बाईला लुटलं. ‘स्टील’पुढे वस्तू येते, ‘रॉब’पुढे माणूस, दुकान किंवा बँक. घरफोडी झाली तर ‘बर्गलरी’. दरोड्यासाठी आपल्या कायद्यात ‘डकॉइटी’ आहे आणि त्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात, पण हा इथला शब्द. बाहेरच्या परीक्षकाला तो अडेल. हत्यारं असतील तर सरळ ‘आर्म्ड रॉबरी’ लिहा. हिसकावण्याला मात्र आता आपल्याकडे स्वतंत्र कलम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 304 ‘स्नॅचिंग’चं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता बाई ठाण्यात जातात. ‘शी रिपोर्टेड द थेफ्ट टू द पोलीस.’ इथे ‘पोलीस’ इंग्रजीत कायम अनेकवचनी: ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’, ‘हॅज’ नाही. तुम्ही ‘पोलीस आले’ म्हणता ना, तसंच. ज्याच्यावर संशय तो ‘सस्पेक्ट’, त्याला ‘ऑन सस्पिशन ऑफ थेफ्ट’ पकडतात, आणि मंगळसूत्र परत मिळालं की ते ‘रिकव्हर्ड’. पंचनाम्याच्या भानगडीत पडू नका. ‘चार्जशीटेड’, ‘हिस्टरी-शीटर’, ‘अंडरट्रायल’ हे शब्द पुण्यातल्या इंग्रजी पेपरांत रोज दिसतात, पण या परीक्षेत ते टाळलेले बरे.

इथून पुढे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण निबंध इथेच घसरतात. त्या दुचाकीस्वाराचं नाव खटल्याबरोबर बदलत जातं. आधी तो संशयित, ‘सस्पेक्ट’. मग आरोपी, म्हणजे ‘द अक्यूज्ड’ किंवा ‘डिफेन्डंट’. कोर्टानं दोषी ठरवलं तरच ‘ऑफेन्डर’ किंवा ‘कन्व्हिक्ट’. पहिल्या ओळीपासून ‘क्रिमिनल’ लिहिणाऱ्यानं न्यायाधीशांच्या आधीच निकाल देऊन टाकलेला असतो. ‘अवर प्रिझन्स आर फुल ऑफ क्रिमिनल्स’ असं मुलं बिनधास्त लिहून मोकळी होतात! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा तुरुंगांचा अहवाल सांगतो की देशातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी अजून कच्चेच आहेत, त्यांचा खटला संपलेला नाही. मग लिहायचं ‘पीपल अवेटिंग ट्रायल’. एवढ्या एका बदलानं निबंधाला मुद्दाही मिळतो, कारण गर्दी कमी करायची तर तुरुंग वाढवायचे की खटले लवकर चालवायचे, हा प्रश्न लगेच समोर येतो.

शब्दांमागचे ‘ऑफ’, ‘विथ’, ‘टू’ एकेकटे पाठ करायला जाऊ नका. हे वाक्य सकाळी दात घासताना म्हणा: ‘ही वॉज अक्यूज्ड ऑफ थेफ्ट, चार्ज्ड विथ थेफ्ट, कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट अँड सेन्टेन्स्ड टू अ इयर इन प्रिझन.’ बघा, ‘विथ’ एकट्या ‘चार्ज्ड’लाच लागलं. सुटला तर ‘अक्विटेड ऑफ थेफ्ट’. पकडलं, आरोप ठेवला, दोषी ठरवलं, शिक्षा सुनावली या चार वेगळ्या घटना आहेत. मुलं त्या सगळ्या ‘ही गॉट पनिशमेंट’मध्ये कोंबतात.

‘एव्हिडन्स’ला कधीही ‘एस’ लावू नका. मराठीत पुरावे असतात, इंग्रजीत ‘एव्हिडन्स’ मोजत नाहीत. फारच गरज पडली तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’. आणि भारताबद्दल लिहिताना ‘ज्युरी’ आणू नका. 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता आल्यावर आपल्या फौजदारी खटल्यांत ज्युरी उरली नाही. परदेशी मालिका बघून ती निबंधात येते, हे मला माहीत आहे.

परीक्षक विचारतात ते बहुतेक निकालानंतरचं: तुरुंगात डांबावं की सुधारावं? इथे चार-पाच शब्द पक्के असले तरी पुरे. धाक बसवणारी शिक्षा ‘डिटरन्ट’, माणूस पुन्हा उभा करणं ‘रिहॅबिलिटेशन’, सुटल्यावर परत गुन्हा करणं ‘रीऑफेन्ड’, आणि ‘कम्युनिटी सर्व्हिस’. ही समाजसेवेची शिक्षा आपल्याकडेही नव्या संहितेत आली आहे. पहिल्यांदाच चोरी केली, माल पाच हजारांच्या आतला होता आणि तो परत केला, तर समाजसेवा. त्यामुळे परदेशाची उदाहरणं उसनी आणायची गरज नाही. येरवडा कारागृहातले कैदी बनवतात त्या वस्तू तिथल्या विक्री केंद्रात मिळतात, लाकडी फर्निचरसुद्धा. एखाद्या रविवारी जाऊन बघा, चार वाक्यं सहज लिहाल. नाहीतर औंध संस्थानाचं स्वतंत्रपूर घ्या. हे औंध साताऱ्याकडचं, आपल्या बाणेर रस्त्यावरचं नव्हे. त्या संस्थानात 1939 मध्ये आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. ‘ओपन प्रिझन’ला इतकं जवळचं उदाहरण असताना मुलं नॉर्वेच गाठतात, आणि तेही सगळी एकाच वाक्यात!

निबंध किमान 250 शब्दांचा, त्यासाठी साधारण 40 मिनिटं. गुणांचे चार निकष आहेत आणि शब्दसंपदा हा त्यातला फक्त एक. तिथेही शब्द नेमका बसलाय का हे बघतात, तो किती जड आहे हे नाही. ‘रेसिडिव्हिझम’ (पुन्हा गुन्ह्याकडे वळणं) चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा ‘रीऑफेन्ड’ बरोबर लिहा. आणि एक दिवस वेळ काढून शिवाजीनगर कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. सुनावणी सहसा खुली असते, कोणीही ऐकू शकतं. मोबाइल तेवढा बंद ठेवा. कामकाज बरंचसं मराठीतच ऐकू येईल, पण क्रम डोळ्यांदेखत घडेल आणि सांगायला तुमच्याकडे खटला असेल.

प्रश्न: यूपीएससीच्या निबंधात खुनाला 302, फसवणुकीला 420 अशी कलमं लिहिली तर वजन पडतं का? नवी कलमं पाठ करू का?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर: निबंधात नको. तिथे 125-125 गुणांचे दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. त्यात विचारांची बांधणी बघतात, कलमांची उजळणी नाही. लिहायचीच झाली तर जुन्या भारतीय दंड संहितेतली लिहू नका. भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम आता 103, फसवणुकीचं 318. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमं लागतात, त्यामुळे पेपरात अजून 302 दिसलं तर गोंधळू नका. ‘चारसो बीस’ बोलण्यात राहू द्या, ते काही संसदेला बदलता येणार नाही.

प्रश्न: तोंडी परीक्षेत ‘इंडिक्ट’ म्हटलं तर समोरच्या बाई हसल्या. का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ‘इंडिक्ट’ म्हणजे एखाद्यावर रीतसर आरोप ठेवणं. स्पेलिंगमध्ये ‘सी’ आहे, उच्चारात नाही. ‘इंडाइट’ म्हणा. ‘सपीना’तला ‘बी’ही तसाच मुका, साक्षीला किंवा कागद घेऊन हजर राहण्याचा तो हुकूम. जुन्या ब्रिटिश लिखाणात ‘जी-ए-ओ-एल’ असं दिसलं तर बुचकळ्यात पडू नका, उच्चार ‘जेल’च. आणि ‘ॲलिबाय’ म्हणजे घटनेच्या वेळी मी दुसरीकडे होतो हा बचाव. ‘उशीर झाला, ट्रॅफिक होतं’ याला कोर्टात ‘ॲलिबाय’ म्हणत नाहीत, तुम्ही लक्ष्मी रस्त्यावर अडकला असलात तरी!