सांगलीत घरी बसून इन्व्हेस्टमेंट बँकिंगची ऑनलाइन समर इंटर्नशिप करता येते का?

येते. फोरेज या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर जेपी मॉर्गन या अमेरिकन बँकेचा कोर्स फुकट आहे. पण बायोडेटात 'जॉब सिम्युलेशन' असंच लिही, 'इंटर्न' नको. ती नोकरी नसते, मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

खरं शिकायचंय तर आपल्या किर्लोस्करवाडीची किर्लोस्कर ब्रदर्स ही पंप बनवणारी कंपनी अभ्यासाला घे. शेअर बाजारात लिस्टेड आहे, वार्षिक अहवाल सगळ्यांना खुला. त्यावरून एक्सेलमध्ये डीसीएफ मांड, म्हणजे पुढच्या वर्षांत येणाऱ्या रोख पैशावरून कंपनीची आजची किंमत काढ. मी विश्रामबागेतल्या खोलीत अख्खा मे महिना असा सराव केला. डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) 12 टक्के ठेवून पुढची कायमची वाढ 4 ऐवजी 5 टक्के केली, तर टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या काळाची किंमत) एकदम 15 टक्क्यांनी वाढली! प्रत्येक आकडा का धरला, हे तोंडी सांगता येईपर्यंत शीट सोडू नकोस. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या साइटवरचे आयपीओचे (कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीचे) मसुदेही वाच, निदान 'रिस्क फॅक्टर्स' हा धोक्यांचा भाग तरी.